अर्धवट सोडून गेलेल्या

आमच्या महिला महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी संघाची नोंदणी करायचे ठरले, तेव्हा गाडी अडली ती नियमावलीतल्या सभासदत्वाच्या कलमावर. मसुद्यात लिहिले होते, ‘या महाविद्यालयातून पदवी घेतलेली कोणतीही महिला सभासद होऊ शकेल.’ १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला सात सभासद पुरतात, आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला नोंदणी क्रमांक दाखवला की तिचे काम भागते. त्यामुळे त्या वाक्यावर चर्चा होण्याचे तसे कारण नव्हते. मी हात वर केला. माझी सगळी नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली आहे, आणि ‘पदवी घेतलेली’ या दोन शब्दांत मला एक फार जुना धर्मप्रश्न दिसत होता. विद्येचे ऋण कोणावर असते, आणि ते फेडायचे म्हणजे काय करायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे पहिले उत्तर तैत्तिरीय संहितेत आहे. ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. कल्पना मोठी आहे. विद्या ही कुणाची खाजगी कमाई नाही, आधीच्यांनी ती जपली म्हणून ती आपल्यापर्यंत आली, हे त्यात मान्य केलेले आहे. पण पुढे ज्या धर्मशास्त्राने स्त्रीला आणि शूद्राला वेदाध्ययनच नाकारले, त्याच्या हिशेबात आमच्यावर ऋषिऋण येतच नाही. आम्हाला काही दिलेले नाही, म्हणून आमच्याकडून काही येणेही नाही. कित्येक शतके बायकांचे खाते असे कोरेच राहिले.

माझी आई निरक्षर होती. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, दीक्षा दिली, त्या गर्दीत ती होती. तिच्या तोंडून ‘ऋण’ हा शब्द मी चांगल्या अर्थाने कधीच ऐकला नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बाईला कर्ज समजावून सांगावे लागत नाही. पूर्वी सावकाराची वही होती, आता बचत गटाचा हप्ता आहे आणि आठवड्याच्या ठरल्या दिवशी दारात मोटारसायकल लावून उभा राहणारा फायनान्सवाला आहे. अशा बाईला पत्र पाठवून ‘महाविद्यालयाचे ऋण फेडण्याची संधी’ असे लिहिले, तर ती पत्र बाजूला ठेवते. तिचे चुकत नाही.

उलट बाजूही मी ऐकली आहे. फी भरली, प्राध्यापकांना पगार मिळाला, आता देणे कसले? हा युक्तिवाद मला तोकडा वाटतो. अहेरी-एटापल्लीकडून चंद्रपूरला आलेल्या मुलीच्या शिक्षणाची किंमत फीच्या पावतीवर कधीच पूर्ण लिहिलेली नसते. मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन आईने तोडलेला तेंदूपत्ता असतो, सत्तर-सत्तर पानांचा एकेक पुडा बांधलेला. मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी असते. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, आणि तेवढे दिवस मुलीला आपल्या घरी ठेवून घेणारी कुणीतरी ओळखीची बाई असते. यांपैकी कोणाचेही नाव महाविद्यालयाच्या दफ्तरात नाही.

आमच्याकडे ‘पे बॅक टू सोसायटी’ हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्यांच्यामागे बाबासाहेबांचे १८ मार्च १९५६चे आग्र्याचे भाषण आहे. शिकलेल्यांनी आपल्याला दगा दिला, असे ते तिथे जाहीरपणे बोलले. त्या बोलण्यातली वेदना मी फार गंभीरपणे घेते. पण तिचा अर्थ वसुलीचा लावला जातो, तो मला मान्य नाही. स्वतःला मिळाल्यावर मागे राहिलेल्यांकडे वळून न पाहणाऱ्यांविषयीचे ते दुःख होते. आणि सात महिन्यांनी त्यांनी जो धम्म दिला, त्यात कृतज्ञतेचा विचार फार वेगळ्या अंगाने केलेला आहे.

अंगुत्तर निकायात बुद्ध म्हणतात की आईला एका खांद्यावर आणि वडिलांना दुसऱ्या खांद्यावर बसवून शंभर वर्षे वागवले, त्यांचे सगळे केले, तरी त्यांचे उपकार फिटत नाहीत. मग फिटतात कशाने? श्रद्धा नसलेल्या आईबापांना जो श्रद्धेवर आणतो, दुःशील असतील तर शीलावर, कंजूष असतील तर दानावर, अज्ञानी असतील तर प्रज्ञेवर आणतो, त्याने फेडले असे म्हणावे. मी हे वर्गात शिकवत असे तेव्हा मुली चमकत. उपकारकर्त्यात काही उणे असू शकते आणि ते भरून काढणे हीच परतफेड, हा विचार त्यांना नवा होता. महाविद्यालयालाही तो लागू आहे. पाण्याची टाकी आणि पंखे दिल्याने संस्थेची सोय होते. ती अधिक शहाणी, अधिक न्यायी होण्यासाठी तिला तिच्याबद्दलचे खरे सांगावे लागते, आणि ते माजी विद्यार्थिनींखेरीज दुसरे कोण सांगणार?

सांगण्याची ही परंपरा जुनी आहे. थेरीगाथेत तीस भिक्खुणींची एक गाथा आहे. आपल्या गुरू पटाचारेने काय शिकवले आणि आम्ही ते कसे केले, हे त्या एकमुखाने सांगतात. एका शिक्षिकेच्या माजी विद्यार्थिनींनी एकत्र येऊन दिलेली इतकी जुनी साक्ष मला दुसरी माहीत नाही. तिच्या लगेच पुढे चंदा थेरी येते. विधवा, मूलबाळ नाही, नातेवाईक नाहीत, हातात काठी आणि भांडे, सात वर्षे दारोदार. एका भिक्खुणीला अन्नपाणी मिळताना तिने पाहिले आणि मलाही प्रव्रज्या द्या म्हणून ती गेली. पटाचारेने करुणेने तिला घेतले, शिकवले. चंदा संघात आली ती भुकेने, आणि हे तिने लपवले नाही. वसतिगृहात दोन वेळचे जेवण मिळते म्हणून कॉलेजात नाव घातलेल्या मुली मी शिकवल्या आहेत. त्यांच्याकडे पाहताना मला चंदा आठवत असे.

अमेरिकेत १८८१ साली बॉस्टनला सतरा पदवीधर बायका जमल्या आणि त्यातून पुढच्या वर्षी असोसिएशन ऑफ कॉलेजिएट अॅल्युम्नी ही संघटना उभी राहिली. त्याआधी, १८७३मध्ये, एडवर्ड क्लार्क या डॉक्टरने पुस्तक लिहून बजावले होते की उच्च शिक्षणाने मुलींची प्रकृती, विशेषतः जननक्षमता, बिघडते. या बायकांनी काय करावे? शिकलेल्या बायकांनाच त्यांच्या प्रकृतीविषयी प्रश्न पाठवले. ७०५ जणींची उत्तरे आली, १८८५ला अहवाल निघाला आणि डॉक्टरच्या म्हणण्यातली हवा गेली. शिकलो आणि धडधाकट आहोत, एवढेच त्यांनी आकड्यांनी मांडले. माजी विद्यार्थिनींच्या संघाने करावे असे याहून चांगले काम मला सुचत नाही. मात्र ती संघटनाही पदवीधरांपुरतीच होती. ज्या मध्येच सोडून गेल्या, त्यांना कोणी विचारले नाही.

आमच्या भागात सोडून गेलेल्या कमी नाहीत. आपल्याकडे सगळेच उशिरा आले: गडचिरोली जिल्हा १९८२चा, गोंडवाना विद्यापीठ २०११चे. कर्व्यांनी १९१६ला पुण्यात काढलेल्या महिला विद्यापीठाचे संकुल बल्लारपुरात यायला तर शतक उलटून गेले. म्हणून नियमावलीच्या त्या बैठकीआधी मी कार्यालयातून जुने प्रवेश रजिस्टर मागून घेतले. उजवीकडे शेवटचा रकाना ‘सोडण्याचे कारण’ असा. निळ्या शाईत, वेगवेगळ्या कारकुनांच्या हस्ताक्षरात, पानामागून पान तेच: लग्न झाल्यामुळे. घरगुती अडचण. लग्न झाल्यामुळे. गैरहजर. काही ठिकाणी नुसती आडवी रेघ.

त्यातल्या काही जणींना आम्ही बैठकीचे निरोप पाठवले. एटापल्ली तालुक्यातून एक बाई आली. बी.ए. पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधीच तिने कॉलेज सोडले होते. आता ती ग्रामसभेच्या तेंदू फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुड्यांचा हिशेब ठेवते. तिने वही सोबत आणली होती. प्रत्येक कुटुंबाची वेगळी ओळ, रोजचे पुडे, आठवड्याची बेरीज आणि शेवटी सही किंवा अंगठा. वजाबाकी करून जिथे चूक सापडली तिथे तिने लाल पेनाने गोल केला होता आणि बाजूला तारीख घातली होती. ठेकेदाराचा माणूस तिच्या वहीशी आपली वही ताडून बघतो, असे तिने सांगितले. आम्ही यादीत तिचे नाव लिहायला घेतले तर म्हणाली, “मी तं पास नाही झाली, मॅडम. माझं नाव कायले लिहिता?”

बैठकीत तिच्या नावाला माझ्या एका मैत्रिणीने विरोध केला, आणि तिचेही म्हणणे पोकळ नव्हते. पदवीसाठी मुलीने घरात भांडण केले, लग्न पुढे ढकलले, तिच्या त्या कष्टाला काही वेगळे मोल नको का? हवे. सत्कार करा, भिंतीवर नावे लावा. पण उपकार ओळखण्यासाठी पदवी लागत नाही. एटापल्लीची ती बाई कॉलेजात मोजके महिनेच होती आणि त्या महिन्यांतले जे तिच्याजवळ राहिले, ते ती आज शेकडो घरांच्या मजुरीसाठी वापरते आहे. तिने कॉलेज सोडले त्यात कॉलेजचाही भाग होता. वसतिगृहात जागा नव्हती आणि ती येईनाशी झाल्यावर कोणी चौकशी केली नाही. हे तिने त्या बैठकीत शांतपणे सांगितले. माझ्या मते त्या दिवशी महाविद्यालयाचे उपकार जर कोणी फेडले असतील, तर तिनेच.

कलम बदलले. आता तिथे ‘या महाविद्यालयात प्रवेश घेतलेली कोणतीही महिला’ असे आहे.

चंद्रपूर, गडचिरोलीतल्या ज्या महाविद्यालयांत असे संघ नोंदवणे चालू आहे, त्यांना माझी विनंती आहे. छापील नमुना जसाच्या तसा उतरवू नका. आधी जुने प्रवेश रजिस्टर काढा, शेवटचा रकाना वाचा, आणि ज्यांच्या नावापुढे लग्न किंवा आडवी रेघ आहे त्यांना पहिल्या सभेचे पत्र पाठवा. पत्रात देणगीचा उल्लेख नको. येण्याजाण्याचे एसटीचे भाडे संघ देईल, एवढे मात्र नक्की लिहा.