ओवाळणी आणि सातबारा

मुलींना वाटा देणाऱ्या कायद्याने भाऊबीज मोडली, हे विधान हल्ली पंचाहत्तरीच्या पंगतीतही ऐकू येते. पूर्वी बहिणी चार दिवस येत, साडीचोळी घेऊन समाधानाने परत जात. आता वकिलाची नोटीस येते, असा दाखलाही सोबत दिला जातो. विधान चुकीचे आहे. ज्या वयात भावंडांना एकमेकांची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वयात ते त्यांच्यात किल्मिष पेरते, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

ही गरज नुसती हळवेपणाची नाही. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचा १९३८ साली सुरू झालेला आयुष्यभराचा अभ्यास जॉर्ज व्हेलंट यांनी दीर्घकाळ सांभाळला. पासष्टीत सुस्थितीत असलेल्यांपैकी ९३ टक्के पुरुषांची तरुणपणी एखाद्या भावाशी किंवा बहिणीशी जवळीक होती, असे त्यांना आढळले. पण हा अभ्यास पुरुषांचाच होता. बहिणींना त्यात कोणी विचारले नाही. मराठी बहिणीचे काय, हे समजून घ्यायचे तर इरावती कर्वे यांच्याकडेच जावे लागते.

१९५३ साली प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात इरावतीबाईंनी भारताचे चार विभाग केले आणि महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला. उत्तरेत मुलगी नात्याबाहेर आणि शक्यतो गावाबाहेर द्यायची; दक्षिणेत ती पुन्हा नात्यातच द्यायची. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधला. इथल्या अनेक जातींत मामाची मुलगी करता येते, आत्याची मात्र सहसा करत नाहीत. म्हणजे भावाची लेक बहिणीच्या घरी सून म्हणून जाऊ शकते. लग्नात नवी वधू उंबरठ्याशी आली की नवऱ्याची बहीण दार अडवून उभी राहते आणि तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का, असे भावाला विचारते. भाऊ हो म्हणतो, मगच माप ओलांडले जाते. आज ही गंमत उरली आहे, पण तिच्यात एक मागणी आहे आणि ती बहीण सगळ्यांसमोर करते आहे. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा माहेरावर हक्क चालतो, हे इथल्या रीतीला कधीच परके नव्हते. परके होते ते तो हक्क जमिनीच्या कागदावर लिहिणे.

तो लिहिला गेला अलीकडे, तोही तुकड्यातुकड्यांनी. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने घेतले, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. आज सत्तरीत असलेल्या बहुतेक बहिणी त्यामुळे बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने त्यांना आत आणले. हा हक्क जन्माने आहे, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. पण भावंडांतली भांडणे या कायद्याने आणली नाहीत. बांधावरून आणि विहिरीच्या पाळीवरून सख्ख्या भावांचे दावे त्याआधीही पिढ्यान्‌पिढ्या चालत होते. त्यांत बहिणीचे नावही नसे.

तरीही आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मान्य करावे लागते. आईवडिलांचे शेवटचे आजारपण ज्या भावाने आणि वहिनीने काढले, त्यांच्यासाठी बहीण समजून-उमजून वाटा सोडते, तेव्हा तिला कोणी फसवले म्हणणे हा तिचाच अपमान आहे. कायद्याला रात्री दोन वाजता उठून औषध देणाऱ्याचा हिशेब मांडता येत नाही, तो भावंडेच मांडू शकतात. म्हणून हक्कसोडपत्र मुळातच वाईट, असे म्हणता येत नाही.

वाईट आहे ती सही घेण्याची वेळ. तेराव्यानंतर सगळी भावंडे जमलेली असतात, डोळे सुजलेले असतात, परतीची तिकिटे काढलेली असतात. तेवढ्यात सगळ्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेतात. तिथे फोटो, अंगठा, दोन साक्षीदार. कागद वाचून दाखवायला कोणाला सवड नसते. सही नाही केली तर माहेर तुटेल, हे कोणी बोलत नाही, पण तिला ते ठाऊक असते. पुढे फेरफाराची नोंद होते आणि सातबाऱ्यावरून तिचे नाव कमी होते. मग दहा वर्षांनी त्याच भावाच्या पंचाहत्तरीला पंचाहत्तर दिव्यांचे ताट घेऊन तिलाच ओवाळायला बोलावतात. ती येते आणि मनापासून ओवाळते. तिच्या तब्येतीची चौकशी सगळे करतात, त्या सहीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. भाऊबीज मोडते ती या न बोलण्याने.

हजार पौर्णिमा भरायला ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात. त्या वयात सहस्रचंद्रदर्शनाला जमलेल्या भावंडांना पुन्हा एकत्र येण्याच्या फारशा संधी उरलेल्या नसतात. ज्यांच्या घरी यंदा असा सोहळा आहे, त्यांनी हॉल आणि केटरर ठरवण्याआधी सातबाऱ्याचा ताजा उतारा काढावा, बहिणींना शेजारी बसवून तो ओळ न् ओळ वाचून दाखवावा आणि तुला काय हवे, हे त्यांना विचारावे.