न दिसण्याचा पुरावा

प्लॅटिनमची तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची, बर्नरच्या निळसर ज्योतीत धरायची, आणि ज्योतीला कसलाही रंग येईनासा होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. मगच तिच्या टोकावर तपासायचा क्षार घ्यायचा. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकातली ही ज्योत परीक्षा वरवर फार सरळ वाटते : स्ट्रॉन्शियमचा रंग किरमिजी, बेरियमचा पोपटी, पोटॅशियमचा फिकट जांभळा. पण स्वच्छ केलेल्या तारेला नुसते बोट लागले, तरी घामातले मीठ तिथे बसते आणि ज्योत पिवळीधमक होते. त्या पिवळ्यात पोटॅशियमचा जांभळा बुडून जातो, आणि वहीत नोंद होते : पोटॅशियम नाही. या नोंदीत डोळ्यांनी कुठेही दगा दिलेला नाही. ज्योत पिवळीच होती आणि सोडियमही खरोखर होते. चूक झाली ती ‘दिसले नाही’पासून ‘नाही’पर्यंत मारलेल्या उडीत.

या उडीचा विचार आपल्याकडच्या दर्शनांनी फार बारकाईने केला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते स्वतंत्र मानले नाही, अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच धरले. पण एका अटीवर दोघांचेही एकमत आहे. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही असे म्हणता येते, कारण असता तर दिसला असता. अंधारात तेच म्हणता येत नाही. न दिसणे पुरावा ठरते ते वस्तू तिथे दिसण्याजोगी असेल तरच. याला योग्यता म्हणतात. पिवळ्या ज्योतीतला पोटॅशियम हा अंधारातला घडा आहे. फरक इतकाच की इथे अंधार उजेडाने केला आहे, आणि म्हणून तो चटकन ओळखू येत नाही.

ही चूक केवळ नवशिक्यांची नाही. 1826 मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाला सोडियमच्या क्षारांचा पिवळा प्रकाश लाकूड, कागद आणि हस्तिदंत जळतानाही दिसला. या पदार्थांत सोडियम आहे असे मानायला त्याला आधार दिसेना, म्हणून हा रंग पाण्यामुळे येत असावा, असा त्याचा तर्क गेला. सगळीकडे मिठाचा अंश असतो आणि पिवळा रंग त्याचाच, हे स्पष्ट व्हायला आणखी तीस वर्षे लागली. पुढे 1860 मध्ये हायडेलबर्गच्या बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात फक्त 3 मिलिग्रॅम सोडियम क्लोरेटचा स्फोट केला, आणि दूरच्या ज्योतीच्या वर्णपटात सोडियमची रेषा उमटली. एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम ज्योत दाखवते, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे टॅल्बटला लाकडात मीठ आढळले नाही, कारण त्याला ठाऊक असलेल्या कोणत्याही साधनापेक्षा समोरची ज्योतच कितीतरी तीक्ष्ण होती. साक्षीदार खरे सांगत होता. त्याच्यावर विश्वास बसला नाही.

यावर कुणी म्हणेल, वर्णपटदर्शक आला आणि हा प्रश्न संपला. संपला नाही, सरकला. त्या यंत्रात सोडियमची रेषा 589 नॅनोमीटरला आणि पोटॅशियमची 766 च्या आसपास वेगळी पडते, हे खरे. पण ज्योतीतल्या मॅग्नेशियमची मुख्य रेषा 285 नॅनोमीटरला, अतिनील भागात असते, आणि तिथे कितीही चांगल्या लोलकामागचा मानवी डोळा आंधळाच. साध्या निळ्या कोबाल्ट काचेचेही तसेच. ती पिवळा शोषते, मग पोटॅशियम तांबूस जांभळा उठून दिसतो. पण तिच्यातून कॅल्शियमचा विटकरी रंग हिरवट भासतो. साधन योग्यतेची सीमा हलवते, ती पुसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असे असेल तर कशालाच ‘नाही’ म्हणता येणार नाही, आणि कुणीही काहीही मानायला मोकळा होईल. मला हे पटत नाही. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कमावता येतो. सोडियमच्या क्षारात मुद्दाम थोडे पोटॅशियम मिसळायचे आणि काचेतून ते दिसते का, हे आधी पाहायचे. तेवढे दिसत असेल आणि आपल्या नमुन्यात दिसत नसेल, तर निदान तेवढे पोटॅशियम त्यात नाही, हे ठामपणे लिहावे. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, हीच अट ईश्वराच्या वादात लावली : जो प्रत्यक्षाला योग्यच नाही, तो दिसत नाही एवढ्याने त्याचा अभाव सिद्ध होत नाही. सशाचे शिंग मात्र असते तर दिसले असते, म्हणून ते नाकारता येते. युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो भक्ताच्या पदरातही काही टाकत नाही. पोटॅशियमचा ज्ञात नमुना कपाटातल्या बाटलीत असतो. ईश्वराचा ज्ञात नमुना घेऊन कसोटी पारखण्याची सोय ना आस्तिकाकडे आहे, ना नास्तिकाकडे. उदयनांना हे ठाऊक होते, म्हणूनच ते तिथे थांबले नाहीत. जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा, हे अनुमान त्यांनी पाचव्या स्तबकात वेगळे मांडले. त्याच्याशी वाद घालायचा तर प्रत्येक कार्याला जाणता कर्ता असतोच का, यावर घालावा लागेल. देव दिसत नाही, हे तिथे उत्तर होत नाही.