अटनमार्गातील अल्पसुख आणि स्मरण

परमार्गात अटनाला आचाराचे स्थान आहे. भिक्षुकाने एका ग्रामी फार काळ रमू नये, परिचय वाढू देऊ नये, स्वदेश व स्वजन यांचा संबंध मनाने सोडावा, मिळेल ती भिक्षा घ्यावी आणि परमेश्वराचे स्मरण करीत पुढे चालावे, असा हा विधी आहे. त्याचा हेतू स्पष्ट आहे. जीव जेथे राहतो तेथे रुजतो आणि जेथे रुजतो तेथे बांधला जातो.

येथे एक शंका उपस्थित होते. उन्हातून चालून आलेल्या भिक्षुकाला झाडाची सावली सुखद वाटते. कोणा माउलीने तव्यावरून उतरलेली भाकरी झोळीत घातली, तर मन संतोष पावते. वासनिकाच्या घरी तर अशी सुखे रोजच येतात. लेकराचे बोबडे बोल, मृगाच्या पहिल्या सरीने उठलेला मातीचा वास, संध्याकाळी गोठ्यात परतणारी गाय, ही सुखे त्याज्य की ग्राह्य? ग्राह्य म्हणावीत तर वैराग्याला बाध येतो. त्याज्य म्हणावीत तर मन कोरडे पडते, आणि कोरड्या मनात स्मरणाचे बीज रुजत नाही. पुष्कळ सज्जन वासनिक या शंकेपायी कष्टी होतात. नातवाला मांडीवर घेतले तरी आपण मार्गापासून ढळलो, असे त्यांना वाटते.

याचे समाधान असे. सुख समोर येणे हा दोष नव्हे. ते माझे म्हणून धरून ठेवणे, ते सरल्यावर तळमळणे आणि पुन्हा मिळावे म्हणून त्याच्या मागे धावणे, हा दोष आहे.

लीळाचरित्राकडे पाहावे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींचे सान्निध्य अनुभवले त्यांना गाठून एकेक लीळा विचारून घेतली. त्यांनी केवळ निरूपणच टिपले नाही. स्वामी कोठे बसले, काय आरोगिले, कोणाच्या घरी गेले, कोणाशी काय विनोद केला, हेही तितक्याच आदराने जपले. स्थानपोथीत तर गावोगावची देवळे आणि मठ नोंदले आहेत. ज्या पंथाने वैराग्य इतके कठोर सांगितले, त्याच पंथाने दिनचर्येतील लहानसहान गोष्टीही शास्त्रासारख्या सांभाळल्या. यात विरोध नाही. त्या गोष्टींना मोल आले ते परमेश्वराच्या संबंधाने. म्हणून वाटेवरील प्रत्येक सावली स्थान होत नाही, हा विवेक ठेवावाच लागतो. परंतु स्वामीही असेच उन्हातून चालत, असेच वृक्षातळी बसत, ही आठवण जर सावलीने करून दिली, तर ती सावली स्मरणाला निमित्त झाली. सुख तेवढेच, पण त्याचे तोंड प्रपंचाकडून परमेश्वराकडे वळले.

सशाची लीळा सर्वांना विदित आहे. पारध्यांच्या भयाने धावत आलेला ससा स्वामींच्या आश्रयाला आला. स्वामींनी त्याला राखले, पारध्यांना हिंसेपासून परावृत्त केले, आणि मग सशाला जाऊ दिले. या लीळेतील दयेचे निरूपण पुष्कळ होते, पण तिच्या शेवटाकडे लक्ष द्यावे. स्वामींनी त्याला वाचवले, परंतु बाळगले नाही. प्रीती असावी आणि पाश नसावा, याचे याहून सुबोध उदाहरण कोणते?

आता दृष्टांत. बिलोली तालुक्याच्या सीमेवरून मांजरा वाहते. ती बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवते, लातूर आणि बीदरच्या शिवारांतून दूरवर आग्नेयेकडे जाते, तेलंगणात वळण घेऊन उत्तरेकडे येते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. एवढ्या प्रवासात ती कोणत्याही काठाला ओलाव्यावाचून ठेवत नाही आणि कोणत्याही काठाशी थांबत नाही. थांबली असती तर डबके झाली असती. काठाला न शिवता गेली असती तर तिला नदी कोण म्हणाले असते?

दार्ष्टांतिक असे. नदी तो अटन करणारा जीव, काठ ती वाटेवरील सुखे, आणि गोदावरी ते गंतव्य. काठाचा स्पर्श होतो, पण ओढ संगमाचीच राहते.

बिलोलीहून येसगीजवळ मांजरा ओलांडून बोधनच्या वाटेला लागावे, तर थोड्याच अंतरात कानी मराठीऐवजी तेलुगू पडू लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ही सीमा आखली, परंतु भिक्षेला सीमा नाही. दारातील माउलीची बोली भिक्षुकाला उमगत नाही, तिला त्याची उमगत नाही, तरी अन्न झोळीत पडते. एकांकात स्वामींच्या आंध्रदेशातील संचाराच्या लीळा आहेत, त्या अशा वेळी सहज आठवतात. भिक्षुकाने अन्नाची रुची घेऊ नये हे खरेच. पण अपरिचिताच्या हातून अन्न मिळाले, यातील कृतज्ञता ही रुची नव्हे. आणि एखादे दार उघडलेच नाही, तरी त्या दाराविषयी मनात खंत न राहणे, ही त्या कृतज्ञतेची परीक्षा होय.

वासनिकालाही हाच न्याय. बिलोलीकडील मंडळी श्रीदत्तात्रेय प्रभूंच्या दर्शनाला माहूरला निघतात, तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत जावे लागते. एस.टी.त दाटी असते, उकाडा असतो. कोणी सरकून म्हाताऱ्याला जागा देतो, कोणी आपल्या शिदोरीतली चटणी-भाकरी पुढे करतो. जो केवळ दर्शनाची घाई करतो, तो हा सगळा वेळ कष्टात आणि कुरकुरीत घालवतो. जो वाटेवर नाम घेतो आणि शेजाऱ्याचा भार हलका करतो, त्याची यात्रा घरचा उंबरा ओलांडताच सुरू होते.

म्हणून साधकाने रात्री निजण्यापूर्वी आपल्या मनास विचारावे. आज जे लहानसे सुख लाभले, त्याने परमेश्वराची आठवण झाली की विसर पडला? ते दुसऱ्याला देता आले की झाकून ठेवावेसे वाटले? आठवण झाली असेल तर ते सुख भिक्षेसारखे घेतले गेले. विसर पडला असेल तर खेद करीत बसू नये, उद्याच्या सुखाला अधिक सावध व्हावे. नातवाला मांडीवर घेणाऱ्या आजोबांनी त्याला उतरवून ठेवण्याचे कारण नाही. त्याच्या मुखी नाम घालावे, आणि तो खेळायला पळाला की हसून जाऊ द्यावे.

दंडवत प्रणाम.