शेंदराखालचं नाव

माझ्या पीएचडीच्या एका प्रकरणात एक जागा रिकामी आहे. ती भरायला मला साधारण दोन दिवस, थोडा कापूस आणि एक सौम्य द्रावक पुरलं असतं. गावाची परवानगीही होती. तरी मी ती भरली नाही. हे बरोबर केलं की नाही, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही, म्हणून हे लिहितेय.

माझा विषय सांस्कृतिक वारसा संवर्धन. त्यातही वीरगळ. गावाच्या वेशीवर किंवा मारुतीच्या देवळाबाहेर उभे असलेले हे दगड तुम्ही पाहिले असतील. खालच्या चौकटीत लढाई किंवा मेलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे जोवर चंद्र-सूर्य आहेत, तोवर याची आठवण राहो. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. त्यामुळे आठवण राहते, पण कुणाची ते कळत नाही.

साताऱ्याकडच्या एका गावातला वीरगळ मला वेगळा वाटला. दोन चौकटींमधल्या पट्टीवर, शेंदराच्या कडेला, अक्षरासारखं काहीतरी डोकावत होतं. बाकीची पट्टी बोटभर जाड शेंदराखाली. शेंदूर म्हणजे बहुतेक वेळा शिशाचं ऑक्साइड, तेलात कालवलेलं. क्ष-किरण अडवायला आपण शिसंच वापरतो, तेव्हा त्याच्या आरपार बघायचा सोपा मार्ग नव्हता. शेंदूर काढणं हाच मार्ग.

सरपंच म्हणाले, "काढा की ताई, गावाचं नाव होईल." तिथे एक आजी होत्या. दर शनिवारी त्या दगडाला तेल-शेंदूर लावतात. त्यांच्यासाठी तो वीरगळ नाही, वीरोबा आहे. त्यांनी विरोध केला नाही. एवढंच विचारलं, "आन् मंग पुन्हा शेंदूर लावायचा का नाय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून निघेना. माझ्या प्रस्तावात लिहिलं होतं, 'उपचारानंतर शेंदूरलेपन बंद ठेवावे.' ते वाक्य मी टेबलावर बसून सहज लिहिलं होतं. आता कळलं की मी दोन दिवस मागत नव्हते, आजींचे सगळे शनिवार मागत होते.

आमच्या अभ्यासक्रमात चेझारे ब्रांडी शिकवतात. 1963 च्या त्याच्या पुस्तकातला एक विचार असा, की वस्तूवर नंतर चढलेली भर हासुद्धा तिच्या इतिहासाचा भाग असतो. ती ठेवणं हा नियम, काढणं हा अपवाद. 1964 ची व्हेनिस सनद पुढे जाऊन सांगते की काय नष्ट करायचं, हा निर्णय काम करणाऱ्या एकट्या माणसाच्या हाती नसावा. परीक्षेत हे मी छान लिहिलं होतं. पण दगडासमोर उभं राहिल्यावर 'मूळ' म्हणजे दगड आणि 'भर' म्हणजे शेंदूर, हे माझ्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं.

अजिंठ्याची गोष्टही आठवली. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून वॉर्निशचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांची वर्षानुवर्षं तो काढण्यात गेली. ते लोक अडाणी नव्हते. त्यांनाही माझ्याइतकीच खात्री होती.

पण दुसरी बाजू मला सोडत नाही. शेंदूर काढणं म्हणजे श्रद्धेवर घाला, असंही नाही. वणीच्या सप्तशृंगी देवीवरचा हजार किलोंहून जास्त शेंदूर 2022 मध्ये काढला गेला, आणि मूर्तीचं आतलं रूप बघायला भाविकांनीच गर्दी केली. शिवाय एक माणूस आजींच्याही आधीचा आहे. तो लढताना मेला. त्याच्या माणसांनी पैसे खर्चून दगड घडवला, कदाचित नाव कोरलं, वाचलं जावं म्हणून. मी आजींचा मान राखते तेव्हा त्याचा शब्द मोडते का? देव होऊन पूजा मिळणं मोठं, की स्वतःच्या नावाने आठवलं जाणं? मेलेल्याला विचारता येत नाही, म्हणून जिवंत माणसाच्या बाजूने निर्णय देणं सोपं जातं, हेही मला ठाऊक आहे.

आणि माझा स्वार्थ? न वाचलेला शिलालेख म्हणजे शोधनिबंध, पदवी, कदाचित नोकरी. तो नसता तर मला 'त्या वीराचं ऋण' इतकं आठवलं असतं का, कोण जाणे.

मग मी आजींशेजारी बसले आणि विचारलं, याने कधी कवच सोडलंय का? शेंदराचा थर फार जड झाला की कधीकधी आपोआप निखळतो. त्याला गावाकडे देवाने कवच सोडलं म्हणतात. ते नदीत सोडतात आणि पुन्हा पहिल्यापासून शेंदूर लावतात. आजी म्हणाल्या, सासूबाईंच्या वेळी एकदा सोडलं होतं. "खाली बारीक बारीक नक्षी हुती, मुंग्यांच्या रांगंवानी."

आजींना वाचता येत नाही. ती नक्षी असेल, लेखही असेल.

मी त्यांचं वाक्य प्रबंधात नोंदवलं, तारखेसह. पट्टीच्या वाचनाची जागा रिकामी ठेवली. मार्गदर्शक म्हणाले, परीक्षक इथेच बोट ठेवतील. ठेवू देत. गावातल्या एका कॉलेजच्या पोराला तिरप्या उजेडात फोटो कसे काढायचे ते दाखवून आलेय. कवच सुटलं, तर पुन्हा शेंदूर लावायच्या आधी तो मला फोन करणार आहे. आजींनीही हो म्हटलंय. "पन शनवारच्या आत ये," म्हणाल्या.

तोवर मी पदवीधर झालेली असेन, किंवा नसेन. तो माणूस मात्र अजून काही वर्षं बिननावाचा राहील, आणि ते माझ्यामुळे.