दाराखालून सरकलेलं पुस्तक

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १९९६ साली १६ वर्षांच्या एका मुलानं गाडीत झोपलेल्या माणसावर पिस्तूल रोखलं आणि साथीदाराबरोबर त्याची गाडी पळवली. मुलाचं नाव रेजिनाल्ड ड्वेन बेट्स. शाळेत हुशार, एकट्या आईनं वाढवलेला. वय कोवळं असलं तरी खटला मोठ्या माणसांसारखाच चालला आणि ९ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगानं तू सुधारशील असं मला वाटत नाही, पण तिथून काही मिळवायचं ठरवलंस तर मिळवता येईल, असं न्यायाधीशांनी त्याला सांगितलं.

पुढे त्याची रवानगी एकांतकोठडीत झाली. तिथे पुस्तकांना बंदी होती. पण कैद्यांनी चोरून आपलं एक वाचनालयच चालवलं होतं. पुस्तक हवं असेल तर कोठडीतून हाक मारायची, कुणीतरी काहीतरी धाडायचं. एकदा ड्वेननं अशीच हाक मारली आणि त्याच्या दाराखालून एक पुस्तक आत सरकलं. ‘द ब्लॅक पोएट्स’, कृष्णवर्णीय कवींच्या कवितांचा संग्रह. पाठवणारा कोण, हे त्याला कधीच कळलं नाही.

त्या संग्रहात एथरिज नाइट हा कवी होता. तोही तुरुंगातच लिहू लागलेला. त्याला वाचताना ड्वेनला पहिल्यांदा वाटलं, आपणही कवी होऊ शकतो. संग्रहाचे संपादक डडली रँडल हे डेट्रॉइटमधले ग्रंथपाल. नाइट तुरुंगात असताना त्याचं पहिलं पुस्तक १९६८ साली छापलं तेही त्यांनीच, आणि हा संग्रह आला १९७१ मध्ये. तेव्हा ड्वेनचा जन्मही झाला नव्हता. कुठल्या मुलाच्या हाती आपलं काम पडेल याची रँडल यांना काय कल्पना असणार! पुस्तक सरकवणाऱ्यालाही ती नव्हतीच. घेणारा लायक आहे का, त्यानं काय गुन्हा केलाय, हे त्यानं विचारलं नाही. मागणाऱ्याला आधी द्यावं, त्याची लायकी नंतर त्यालाच सिद्ध करू द्यावी. या गोष्टीत मला सगळ्यात मोठा वाटतो तो हा बिननावाचा कैदी.

२००५ साली ड्वेन सुटला. पुस्तकांच्या दुकानात काम केलं, कॉलेज केलं, कवितासंग्रह आले, येल विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळाली. वकिलीची परीक्षा पास झाल्यावरही जुन्या गुन्ह्यापायी सनद आधी अडली, मग मिळाली. यानं त्या गाडीतल्या माणसाच्या वाट्याला आलेली भीती पुसली जात नाही, आणि कुणी तसं म्हणूही नये. केलेलं मागे घेता येत नाही. पुढचं मात्र हातात असतं.

त्या पुढच्याचं ड्वेननं काय केलं? २०२० मध्ये त्यानं ‘फ्रीडम रीड्स’ ही संस्था काढली. ती तुरुंगांमध्ये ५०० पुस्तकांची छोटी ग्रंथालयं उभारते. तुरुंगात सगळं लोखंडाचं आणि सरळ रेषेतलं, म्हणून ही कपाटं मुद्दाम लाकडाची आणि वळणदार केलेली. दोन्ही बाजूंनी पुस्तकं घेता येतात, त्यामुळे भोवती उभं राहून माणसं एकमेकांशी बोलतात. आणि ती ठेवली जातात कैदी राहतात त्या बराकीतच.