रसविघ्न, कविसमय आणि चाहत्याचे मत

चाहत्याजवळ आवड असते, मत नसते, असे मराठी समीक्षेने बहुधा गृहीतच धरले आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या पुढच्या पुस्तकाची वाचकांच्या पिढ्यांनी वाट पाहिली. पण त्या वाचकांनी कोणती कथा कमअस्सल मानली, कोणत्या प्रसंगी त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले आणि का, याची नोंद कोणी ठेवली नाही. नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती सांगताना ‘मुक्तामाला’ प्रवृत्तीला जे स्थान दिले, तेच तिच्या वाचकालाही मिळाले. रंजन होऊन गेले की त्याचे काम संपले. प्रेम जडले म्हणजे निर्णयशक्ती गेली, हा यामागचा समज आहे आणि तो तपासण्यासारखा आहे. प्रेमाने आंधळेपण येते हे जितके खरे, तितकेच दुसऱ्या कोणाला न दिसणारा तपशील प्रेम करणाऱ्यालाच दिसतो हेही खरे.

हा प्रश्न आज नव्याने उभा राहतो तो जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, आणि ‘लाइट नॉव्हेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोटेखानी कादंबऱ्या यांच्या वाचकामुळे. ‘लाइट नॉव्हेल’ हा शब्द दिसायला इंग्रजी असला तरी त्याची घडण जपानी आहे. खिशात मावेल असा आकार, संवादांचा भर, मांगाच्या वळणाची मोजकी चित्रे आणि तरुण वाचक ही या प्रकाराची ओळख. महाराष्ट्रातील शहरांत हा वाचक तयार झाला तो दूरचित्रवाणीवरील हिंदीत बोलणाऱ्या डोरेमॉनच्या वाटेने. तो मराठी बोलतो, या कथा बहुधा इंग्रजीत वाचतो, आणि त्यांच्यातली नाती मात्र ‘सान’, ‘कुन’, ‘सेन्सेई’ या जपानी प्रत्ययांनी ओळखतो. त्याचे पुष्कळसे वाचन अनधिकृत भाषांतरांतून होते. लेखकाच्या मोबदल्याचा तो प्रश्न खरा आहे, पण येथे ज्याचा विचार करावयाचा आहे त्याहून तो वेगळा आहे.

असा एक वाचक डोंबिवलीहून महापेमार्गे वाशीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसला आहे आणि बस शीळफाट्याला अडकली आहे, अशी कल्पना करावी. कल्पनेला फारसा ताण द्यावा लागणार नाही. कल्याणकडून येणारा रस्ता, मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना पुणे महामार्ग आणि महापेची वाट या परिसरात एकमेकांना भिडतात. न्हावाशेवा बंदराचे कंटेनर, तळोज्याचा माल आणि नोकरदारांच्या बसेस एकाच रांगेत उभ्या राहतात. खिडकीतून दिसते ती बहुतेक वेळा कोणत्या तरी ट्रेलरची चाके. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, याच शीळफाट्याला बाहेर पडावयाचा आहे आणि त्या गाडीचे तंत्र जपानी आहे. जपान असा दोन वाटांनी या फाट्यावर येतो, डोंगराखालून आणि बसमधल्या हाताच्या तळव्यावरून. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते.

त्या तळव्यावरच्या कथेतही एक मालट्रक असतो. ‘इसेकाई’, म्हणजे ‘दुसरे जग’, या नावाच्या कथाप्रकारात सामान्य, बहुधा एकाकी असा नायक आरंभी मरतो आणि जादू, राक्षस व राजकन्या यांच्या जगात पुन्हा जन्मतो किंवा तेथे ओढला जातो. या मरणाचे सर्वांत परिचित साधन म्हणजे भरधाव ट्रक. ते इतके परिचित झाले की चाहत्यांनी त्या ट्रकला ‘कुन’ हा धाकट्यांसाठीचा सलगीचा प्रत्यय लावून पात्रच करून टाकले. मराठीत त्याला ‘ट्रकोबा’ म्हणता येईल, आणि मग तो रस्त्याकडेच्या म्हसोबाच्या शेजारी जाऊन बसेल. तो येतो, नायकाला पलीकडे पोचवतो आणि कथेतून निघून जातो. ट्रक कोणाचा होता, चालक किती तास जागा होता, त्याच्यावर गुन्हा दाखल झाला का, नायकाच्या घरी निरोप कोणी नेला, याच्याशी कथेला पुढे कर्तव्य राहत नाही.

हे सारे नैतिकदृष्ट्या खटकते का, असे विचारले तर चाहत्याचे उत्तर ठरलेले असते: तो फक्त संकेत आहे. हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयाची जी मांडणी केली तिचे हेच मर्म आहे. शास्त्रात नसलेल्या, लोकव्यवहारात न आढळणाऱ्या पण परंपरेने चालत आलेल्या गोष्टी कवी वापरतो आणि त्या दोष ठरत नाहीत. चांदणे पिऊन जगणाऱ्या चकोराच्या आहाराची कोणी चौकशी करत नाही. मग ट्रकच्या चालकाचीच का करावी? संकेत मान्य करणे ही वाचनाची पहिली अट आहे, आणि ती पाळण्याचे नाकारून कथेवर नीतीचा खटला भरणारा टीकाकार फक्त आपण वाचत नसल्याचे सिद्ध करतो. येथवर चाहत्याची बाजू बळकट आहे.

तिच्यावर वेगळ्या दिशेने हल्ला होऊ शकतो. हिरोकी अझुमा यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘ओताकू’ म्हणवल्या जाणाऱ्या जपानी चाहत्याचे वर्णन केले ते असे की, तो कथेत रमत नाही. कथेमागे साठवलेल्या घटकांच्या भांडारात रमतो. केसांची ठेवण, बोलण्याची लकब, पात्राचा साचा हे सुटे घटक पुन्हापुन्हा जुळवले जातात आणि तो त्यांचा उपभोग घेतो. ट्रक हा असाच एक घटक मानला तर चाहत्याचे मत म्हणजे मागणीची चिठ्ठी ठरते. जेवणारा मीठ कमी म्हणतो, तसा हा ट्रक नको, दुसरे काही चालेल, म्हणतो. त्यात निर्णय कुठे आहे?

चाहते प्रत्यक्षात काय बोलतात ते ऐकले तर मात्र ही उपपत्ती अपुरी वाटते. योशिहिरो तोगाशी यांची ‘यू यू हाकुशो’ ही मांगा १९९० ते १९९४ या काळात साप्ताहिक शोनेन जंपमध्ये आली. तिचा उनाड नायक युसुके आरंभीच एका लहान मुलाला मोटारीखालून वाचवताना मरतो आणि मग त्याला कळते की, तो मध्ये पडला नसता तरी मूल सुखरूपच राहणार होते. त्याचे मरण परलोकाच्या हिशेबातही नव्हते, म्हणून तेथे त्याच्यासाठी जागा तयार नाही. पुढे तो स्वतःच्या अंत्यविधीच्या घरावर तरंगत राहतो. बधिर होऊन बसलेली आई, रडणारी मैत्रीण, शवपेटीसमोर ओरडणारा वैरी यांना तो पाहतो. आपण कोणाचे कोणीच नव्हतो हा त्याचा समज तेथे मोडतो. येथे अपघात हे दार आहेच, परंतु दाराच्या अलीकडचे घर कथेने पाहिले आहे.

त्याच्याशेजारी ‘मुशोकु तेन्सेई’ ठेवावी. २०१२ ते २०१५ या काळात क्रमशः लिहिली गेलेली ही कथा इसेकाईच्या लाटेतील फार प्रभावी रचना मानली जाते. चौतिसाव्या वर्षी बेकार, आईबापांच्या अंत्यविधीलाही न गेलेला, म्हणून भावंडांनी घराबाहेर काढलेला नायक ट्रकसमोरच्या मुलांना वाचवायला धावतो, मरतो आणि पूर्वजन्माच्या स्मृतीसह दुसऱ्या जगात बाळ होऊन जन्मतो. तो जातिस्मर आहे. आपल्याकडच्या पुनर्जन्माच्या कल्पनेत सहसा स्मृती जाते आणि कर्माचा हिशेब उरतो. येथे स्मृती राहते आणि हिशेब बव्हंशी पुसला जातो. हा उलटलेला पुनर्जन्म या प्रकाराच्या मोहिनीचे मूळ आहे. तथापि त्याच कथेत नानाहोशी नावाची मुलगी आहे. तीही त्याच अपघाताच्या जागेवरून त्या जगात ओढली गेली, पण मरून नव्हे, होती तशीच. तिला ते जग नको आहे. तिचे वय वाढत नाही, तेथल्या माणसांत ती गुंतू इच्छित नाही, आणि परतीचा मार्ग शोधण्यात ती वर्षे घालवते. एकाच ट्रकने एकाला जन्म दिला आणि दुसरीला वनवास. या कथेचे जाणते चाहते नानाहोशीविषयी जे वाद घालतात, तिला रडी म्हणावे की तीच शुद्धीवर आहे, ते मागणीच्या चिठ्ठीत बसणारे नाहीत. एका माणसाची सुटका सर्वांची सुटका असते का, हा त्या वादाचा विषय आहे.

आणि मग ‘कोनोसुबा’. नात्सुमे अकात्सुकी यांच्या या विनोदी कथामालेत नायक एका मुलीला ट्रकपासून वाचवतो, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो मंद गतीने येणारा ट्रॅक्टर असतो आणि नायक नुसत्या धसक्याने मरतो. त्याला पलीकडे नेणारी देवता पोट धरून हसते. संकेत झिजला आहे हे येथे संकेताच्या आतूनच सांगितले जाते, आणि ‘ट्रक-कुन’ हे नाव देणाऱ्या चाहत्यांनी केले तेही हेच. ते हसू म्हणजे समीक्षेचा एक प्रकार आहे. अभ्यासकांनी या कथांना हात लावण्याची वाट न पाहता चाहत्यांनी त्यांचा कच्चा दुवा ओळखला. कच्चा दुवा ओळखणे मात्र एक आणि त्याचा भार उचलणे दुसरे. हसून मोकळे होता येते.

येथे न. चिं. केळकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनात त्यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची जाणीव पुरती सोडत नाही, आणि या दुहेरीपणातच वाङ्मयानंद आहे. इसेकाईने हे जणू शब्दशः कथानकच करून टाकले आहे. नायक दुसऱ्या देहात, दुसऱ्या जगात जातो आणि पहिला ‘मी’ सोबत नेतो. असे पाहिले तर ही कथा म्हणजे वाचनक्रियेचेच रूपक आहे, आणि तिच्यावर पलायनाचा आरोप करणाराने वाचनावरच तो आरोप करण्याची तयारी ठेवावी. केळकरांच्या समाधीला मात्र कोणाचा जीव द्यावा लागत नव्हता. येथे समाधीचे भाडे आहे आणि ते कथेबाहेर राहिलेला कोणी तरी भरतो.

हा ‘कोणी तरी’ शीळफाट्यावर दिसतो, म्हणून स्थळाचा प्रश्न गौण नाही. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली. त्यांतील एक, अनुभव स्वतःचा किंवा परक्याचा मानून विशिष्ट देशकालाच्या आवेशात अडकणे. दुसरे, स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे. बसमध्ये अडकलेल्या वाचकापाशी दोन्ही हजर आहेत. त्याचा घाम त्याचा आहे, उशीर त्याचा आहे, आणि कथेतला ट्रक खिडकीच्या पलीकडे, स्टिअरिंगवर डोके टेकून पेंगणाऱ्या चालकासह उभा आहे. याच परिसरात ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्यांतल्या कोणाचेही मरण कोणत्या कथेचे पहिले पान नव्हते. अभिनवगुप्ताच्या दृष्टीने असा वाचक रसास्वादाला अपात्र ठरेल, आणि आस्वादापुरते ते मान्य करावे लागेल. ट्रक संकेत म्हणून टिकतो तो तो ट्रक नाहीसा होतो म्हणूनच.

पण निर्णयाचे काय? आस्वाद आणि निर्णय यांचे क्षण एक नसतात. रसासाठी देशकाल गळून पडला पाहिजे असे मानले, तरी कथेविषयी मत देताना तो परत आला पाहिजे. नाही तर ते मत कोणाचेच राहत नाही. शास्त्राने ज्याला विघ्न म्हटले तेच नैतिक निर्णयाचे साधन ठरते. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव दाखवले. येथे सुचते ते इतकेच की एकाच वाचकाला एकाच वाचनात दोन्ही ध्रुवांकडे जावे लागते आणि तेही क्रमाने. चकोराचा संकेत निष्पाप राहिला याचे कारण चकोराशी कोणाचा व्यवहार नव्हता. ट्रकशी आहे.

यावर असे म्हणता येईल की मग डॉक्टराने रुग्णशय्येची आणि सैनिकाने युद्धाची कथा वाचूच नये. तसे होत नाही. ते वाचतात, बहुधा इतरांपेक्षा बारकाईने वाचतात, आणि कथा कुठे खोटी पडते ते नेमके सांगतात. शीळफाट्याचा वाचक तसाच आहे. ‘यू यू हाकुशो’तील अंत्यविधीचे घर त्याला का सोडवत नाही आणि एखाद्या पाचव्या-सहाव्या इसेकाईच्या पहिल्याच पानावर तो का कंटाळतो, याचे कारण त्याने कोठे लिहून ठेवलेले नसेल. विचारले तर तो कदाचित चित्रे बरी नाहीत असे म्हणेल. समीक्षकाने तेथे थांबू नये. कोणत्या चौकटीपाशी तो थबकला, हे त्याला पुन्हा विचारावे. तोवर ट्रेलरचा क्लीनर खाली उतरून मागच्या बसला हाताने वाट करून देत असतो, आणि त्याने मोबाइल खिशात ठेवलेला असतो.