लहान शहरीं जावें काय ?



गेल्या महिन्यांत मुंबईच्या एका उपनगरांत राहणाऱ्या तरुण गृहस्थाचें आम्हांस पत्र आलें. त्याचे आईबाप आमच्याच भागांतील एका खेड्यांत शेती करितात. तो लिहितो : "पाळकसाहेबांस सलाम. बारा वर्षें मुंबईंत काढिलीं. निम्मा पगार घरभाड्यांत जातो, रोजचे चार तास जाण्यायेण्यांत जातात, आणि मी घरीं पोहोंचतों तेव्हां मुलें निजलेलीं असतात. मिरजेस एका कारखान्यांत जागा मिळण्यासारखी आहे. पगार कमी आहे, पण गांव जवळ आहे. जावें कीं राहावें, हें तुम्हीं सांगावें."

वरवर पाहतां हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. ज्याचा त्यानें हिशेब करावा आणि मोकळें व्हावें, असें कोणी म्हणेल. परंतु थोडा विचार केला असतां दिसून येईल कीं, हा नीतीचाही प्रश्न आहे. बिऱ्हाड एकजण हालवितो, पण त्याबरोबर चौघांचीं आयुष्यें हालतात. कोणाच्या सुखासाठीं कोणीं किती सोसावें, हें ज्या निर्णयांत ठरतें तो निर्णय केवळ जमाखर्चाचा नव्हे. शिवाय आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, आज नाहीं तर उद्यां, असें पत्र येणारच आहे. म्हणून त्या गृहस्थास आम्हीं जें लिहिलें तें सर्वांपुढें ठेवणें आम्हांस बरें वाटलें.

ह्या बाबतींत आपल्या लोकांत दोन समजुती आहेत. पहिली अशी कीं, मुंबई ही शिडीची वरची पायरी आहे. तेथून जो खालीं आला तो हरला. गांवच्या पारावर अशा माणसास पाहून लोक हळूच विचारतात, "काय, तिकडे निभावलें नाहीं वाटतें ?" दुसरी समजूत हिच्या अगदीं उलट आहे. मोठें शहर म्हणजे मोह आणि धांवपळ, लहान शहर म्हणजे शांति आणि साधेपणा. म्हणून जो परतला तो शहाणा व सज्जन. आमच्या मतें ह्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

पहिल्या समजुतीविषयीं पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या पूर्वीसारख्या कधींच चालल्या नाहींत. कोंकण, सातारा, सांगली ह्या भागांतलीं किती तरी कुटुंबें आपापल्या गांवीं परतलीं. पुढें मार्च २०२० मध्यें साथीमुळें टाळेबंदी झाली, तेव्हां डोक्यावर गांठोडें आणि कडेवर मूल घेऊन लोक पायीं घराकडे निघालेले आपण सर्वांनीं पाहिले. त्यांच्या अंगीं कष्टाची उणीव नव्हती. त्यांस हरलेले म्हणणें हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांस निवड करण्यास सवडच नव्हती. ज्याला निवड नाहीं त्याच्या वाट्यास दुःख येतें. ज्याला निवड आहे त्याच्या वाट्यास जबाबदारी येते. आमच्या पत्रलेखकास निवड आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रश्न कठीण आहे.

दुसरी समजूत अधिक गोड आहे, म्हणून अधिक फसवी आहे. मुंबईनें आपल्या पुष्कळ लोकांस जें दिलें तें विसरूं नये. ज्याच्या वाडवडिलांची वस्ती गांवकुसाबाहेर होती, तो मुंबईच्या लोकलगाडींत कोणाच्याही खांद्याला खांदा लावून बसतो, आणि त्याचें आडनांव कोणी विचारीत नाहीं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं घटना समितींत खेड्यांच्या स्तुतिपाठकांवर जी कठोर टीका केली, ती त्यांनीं पुस्तकें वाचून केली नव्हती. अनुभवानें केली होती. लहान शहर हें खेड्याच्या जवळ असतें. खेड्याची माया जशी तेथें पोहोंचते, तशी खेड्याची नजरही पोहोंचते. भाड्याची खोली पाहावयास गेलें असतां घरमालक प्रथम नांव विचारतो, मग आडनांव, मग मूळ गांव. आणि तिसऱ्या उत्तरानंतर ती खोली कालच दुसऱ्यास दिल्याचें कळतें. असें मुंबईंत घडतच नाहीं असें नव्हे; पण तेथें दुसरी गल्ली असते, दुसरें उपनगर असतें. लहान शहरांत एका दारावर झालेली गोष्ट दहा दारांवर आधींच ठाऊक होते.

निसर्गही लहान शहराचा पक्ष घेत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत बृहन्मुंबईची वस्ती सुमारें १ कोटी २४ लाख होती. सांगली, मिरज व कुपवाड मिळून सुमारें ५ लाख. आणि लातूर त्याहूनही लहान. त्याच लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या व त्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. ज्या भागानें तें पाणी दिलें, त्याच सांगलीच्या भागांत ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचा पूर घरांत शिरला. मुंबईनेंही २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलीमीटर पाऊस पाहिला. सारांश, निर्धास्त असें ठिकाण नकाशांत नाहीं. जो केवळ निर्धास्तपणासाठीं जातो त्याची निराशा व्हावयाची.

आतां आमच्याच एका चुकीची गोष्ट सांगतों. सांगण्यास लाज वाटते, परंतु सांगितल्यावांचून पुढील सल्ल्यास अर्थ राहणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं असेंच एक पत्र आम्हांस आलें होतें. तोही गृहस्थ मुंबईंत होता. गांवीं म्हातारी आई एकटी होती. आम्हीं दोन दिवसांत उत्तर पाठविलें. मातेचें ऋण, वृद्धपणाची काठी, पैशाची असारता, असें पुष्कळ चांगलें चांगलें लिहिलें. तें कुटुंब मुंबई सोडून जवळच्या लहान शहरीं आलें, आणि म्हातारीस तेथें घेऊन आलें. आम्हांस मोठा आनंद झाला. त्या गृहस्थाच्या त्यागाचें उदाहरण आम्हीं दोन मंडळ्यांत उपदेशाच्या वेळीं दिलेंही.

वर्षभरानें आम्ही त्यांच्या घरीं गेलों. तो आईस घेऊन डॉक्टरांकडे गेला होता. बाईंनीं चहा पुढें ठेविला आणि शांतपणें म्हटलें, "पाळकसाहेब, मुंबईच्या रुग्णालयांत मी चौदा वर्षें परिचारिका होतें. माझ्या हाताखालीं सहा जणी होत्या. येथें खासगी दवाखान्यांत नव्या मुलीच्या पगारावर, रात्रपाळीनें सुरुवात केली आहे. सासूबाईंचें करण्यास माझी ना नव्हती, आजही नाहीं. पण तुम्हीं ह्यांना विचारलेंत, सासूबाईंना विचारलेंत. मला कोणीच विचारलें नाहीं. आणि मंडळींत सांगितलें तें मात्र ह्यांचा त्याग म्हणून."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. उत्तर नव्हतेंच. त्या घरांत सर्वांत अधिक किंमत जिनें दिली तिचें नांवही आमच्या पत्रांत नव्हतें. त्या दिवसापासून एक गोष्ट आमच्या मनांत पक्की बसली आहे : त्याग हा ज्याचा त्यानें द्यावयाचा असतो. दुसऱ्यानें तो परस्पर उचलला तर त्यास त्याग म्हणत नाहींत. तें कुटुंब आलें हें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या म्हातारीचे शेवटचे दिवस नातवंडांत गेले, आणि तें लहान सुख नव्हे. कदाचित् बाईंस विचारलें असतें तर त्यांनीं होच म्हटलें असतें. पण मग तें त्यांचें देणें झालें असतें. न विचारतां तें त्यांच्याकडून घेणें झालें. बाहेरून दोन्ही गोष्टी एकसारख्या दिसतात. सामान तेंच, गाडी तीच. भेद आंत आहे, आणि नीतीचा सगळा प्रश्न त्या भेदांत आहे. त्या दोन्ही मंडळ्यांत जाऊन आम्हीं आपली चूक पुढें बोलून दाखविली.

म्हणून ह्या वेळच्या पत्रलेखकास आम्हीं "जा" असें लिहिलें नाहीं कीं "राहा" असेंही लिहिलें नाहीं. आम्हीं त्यास कांहीं प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न : घरांत प्रत्येकास विचारलें काय ? पत्नीस विचारणें म्हणजे "आपण जाणार आहों, तुझें काय म्हणणें ?" असें विचारणें नव्हे. ठरण्यापूर्वीं विचारावें, आणि नाहीं म्हणण्यास खरी मोकळीक असावी. तिची नोकरी असेल तर तेथें काय मिळेल तें तिनें स्वतः जाऊन पाहावें. मुलें जाणतीं असतील तर त्यांसही विचारावें. त्यांचा शब्द शेवटचा नसेल, पण तो ऐकलेला असावा.

दुसरा प्रश्न : तुम्ही कशापासून जात आहां, आणि कशाकडे ? लोटाची गोष्ट आपणां सर्वांस माहीत आहे. त्यानें नजरेस हिरवें दिसलें तें खोरें निवडिलें. पुढें संकट आलें तेव्हां भीतीनें व्याकूळ होऊन सोअर नांवाच्या जवळच्या लहान नगरांत जाऊं देण्याची विनवणी केली. आणि तेथें पोहोंचल्यावर तेथेंही राहण्याचें भय वाटून तो डोंगरांत गेला. प्रथम केवळ डोळ्यांच्या लोभानें निवड, मग केवळ भीतीनें निवड. दोहोंपैकीं एकही टिकली नाहीं. मुंबईच्या गर्दीचा कंटाळा हें निघण्याचें कारण असूं शकेल, पण तेवढ्यावर दुसरीकडे राहतां येत नाहीं. तेथें कोणतें काम, कोणती माणसें, कोणतें कर्तव्य वाट पाहत आहे, हें नांव घेऊन सांगतां आलें पाहिजे.

ह्याच्या उलट पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडिलें. १८९० सालीं तें पुण्यास नेलें. आणि पुढें दुष्काळांतून आणलेल्या मुलींस प्लेगच्या दिवसांत पुण्यांत ठेवितां येईना, तेव्हां त्यांस केडगांवच्या माळावर नेलें. मुंबईहून पुणें, पुण्याहून केडगांव; जगाच्या मापानें प्रत्येक पाऊल लहान गांवाकडे पडलें. पण आश्रयास आलेल्यांस कोठें ठेवितां येईल, हें पाहून त्या गेल्या, आणि काम मात्र वाढत गेलें. ज्या गांवाचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें, तें त्यांच्या कामानें दूरदूर ठाऊक झालें.

तिसरा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि त्याची लाज बाळगूं नये. समजा, पगार दहा हजारांनीं कमी होतो आणि भाडें आठ हजारांनीं वांचतें. एवढ्यावर "दोनच हजारांचा फरक" असें म्हणूं नये. पत्नीचा पगार किती घटतो, मुलांची शाळा बदलल्यानें काय लागतें, नोकरी गेली तर त्याच शहरांत दुसरी आहे काय, हें सर्व कागदावर मांडावें. आणि जाऊन पाहावयाचें तर दिवाळीच्या सुटींत पाहूं नये. त्या दिवसांत सर्वच गांवें चांगलीं दिसतात. मे महिन्यांत जावें व नळाला पाणी किती दिवसांनीं येतें तें पाहावें; ऑगस्टांत जावें व नदी कोठवर येते तें शेजाऱ्यांस विचारावें.

आतां गांवांतील आईबापांस व उपदेशक बंधूंस दोन शब्द. मुलास बोलावून घेण्यासाठीं आजार वाढवून सांगूं नका. खरी गरज असेल तर ती साध्या शब्दांत सांगा, आणि मग त्यास ठरवूं द्या. तो आला तर त्यास "निभावलें नाहीं काय ?" असें विचारूं नका, आणि त्याच्या आगमनाचा गाजावाजाही करूं नका. न आला तर त्यास कृतघ्न म्हणूं नका. दूर राहून दरमहा औषधाचे पैसे पाठविणारा मुलगाही मुलगाच आहे. उपदेशकांस तर आमची कळकळीची विनंति आहे कीं, ज्या निर्णयाची किंमत आपणांस द्यावयाची नाहीं, त्याविषयीं उत्तर देण्याची घाई करूं नये. आम्हीं ती केली आहे.

पत्राच्या शेवटीं आम्हीं त्या तरुणास लिहिलें कीं, दोघांच्या हातचें पत्र येईल तेव्हां आम्ही आपलें मत देऊं. परवां तें आलें. त्याचा मजकूर अर्धें पान आहे, आणि तिचा अडीच पानें. तिला मिरज नको आहे असें नाहीं; पण मुलीची दहावी होईपर्यंत दोन वर्षें थांबावें, आणि तोंवर त्यानें घराजवळचें काम शोधावें, असें तिचें म्हणणें आहे. त्यास तें पटलेलें नाहीं. सासरे थकले आहेत, हेंही तीच लिहिते. मे महिन्यांत चौघेंही मिरजेस जाऊन पाहणार आहेत.

काय ठरेल तें आम्हांस माहीत नाहीं. परंतु आतां त्या घरांत हा प्रश्न दोघांचा झाला आहे. त्यांनीं मागितलेलें मत आम्हीं अद्याप दिलेलें नाहीं. मे महिना जाऊं द्यावा असें आम्हांस वाटतें.